आइंडहोवन टाळून

हिगाशी-कसाई, टोकियो
रविवार, २५ जानेवारी २०२६

बाबा,

सप्टेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं की नुपूर शिकायला म्युनिकला गेली. ती म्युनिकला नाही, आखेनला आहे. ही नजरचूक नव्हती. म्युनिक तुमच्यापासून लांब आहे आणि आखेन नेदरलँड्सच्या सीमेला चिकटून, म्हणून मी दुसरं नाव लिहिलं.

आता दुरुस्ती करते आहे ती टोचणी लागली म्हणून नाही. नुपूर कुठे आहे हे तुम्हाला आधीच कळलेलं आहे, असा माझा संशय आहे. मग उगीच माझ्या नावावर एक खोटं कशाला राहू द्यायचं?

संशयाचं कारण सांगते. नुपूरला मार्चअखेर सुट्टी आहे. जर्मनीत गेल्यापासूनची पहिलीच मोठी सुट्टी. आठ दिवस नेदरलँड्स फिरायचं म्हणते, एकटीच. नवव्या दिवशी परत. मला म्हणाली, "ताई, शिओरी कर ना." शाळेच्या सहलीआधी मिळायची ती पुस्तिका तुम्हाला आठवत असेल: किती वाजता कुठे जमायचं, कुठली गाडी, पाऊस आला तर काय. आपल्या घरी तुम्ही निक्कोच्या एका दिवसाच्या सहलीचीसुद्धा शिओरी करायचात. ते काम आता माझ्याकडे आहे. आई हसते. काल म्हणाली, "ही सहल आहे की जनगणना?"

२६ मार्चला निघून उत्रेख्त, २७ला ॲमस्टरडॅम, ३० पासून लायडन आणि ट्युलिपच्या बागा. मधले २८ आणि २९, शनिवार-रविवार, नुपूरने मला कोरे ठेवायला सांगितले. गाव तेवढं दिलं: झ्वोले. मी शोधलं. एक जुनी वेस, एक चर्च, एक पुस्तकांचं दुकान. दोन तासांचं काम. दोन दिवस कशाला?

मी म्हटलं, "तिथे काय आहे?"

"जियू-कोदो," ती म्हणाली. मोकळा वेळ.

तुम्हाला माहीत आहे, शिओरीत 'मोकळा वेळ' हे रकान्याचं नाव असतं. रकाना रिकामा सोडायची परवानगी नसते. कोण कुठे असेल, कोणाबरोबर असेल, सगळं भरून शिक्षकांना द्यायचं असतं. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मेंदोकुसाई गं तू." कटकट आहेस, असं. आणि मग सहज, अगदी सहज विचारलं, "बाबा अजून बॅडमिंटन खेळत असतील का?"

सात-आठ वर्षांत तिने 'बाबा' हा शब्द माझ्यासमोर काढला नव्हता.

तेव्हा सरळ विचारते. तुम्ही तिच्याशी बोलता का? झ्वोलेत तुम्ही तिला भेटणार आहात का? भेटणार असाल तर आईपासून लपवून भेटू नका. आणि हेही सांगून ठेवते की मी तिची गाडी मास्ट्रिख्टवरून न नेता ड्युसेलडॉर्फ-आर्नहेमवरून नेली आहे, कारण मास्ट्रिख्टची गाडी तुमच्या आइंडहोवनला थांबते. ती म्हणाली, "हे उलटं नाही का पडत?" मी म्हटलं, वाटेत गाड्या बदलायच्या कमी आहेत. खरं तर जास्त आहेत.

नेत्रा


बुधवार, ११ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं उत्तर परवा मिळालं. पोस्टाच्या पेटीत मीच बघते, त्यामुळे आईच्या हाती लागलं नाही.

तुम्ही लिहिता की नुपूरशी तुमचा काहीही संपर्क नाही. झ्वोलेला तुम्ही कधी गेलेला नाहीत. गुडघ्यामुळे बॅडमिंटन सुटून चार वर्षं झाली. आणि शेवटी: 'ती आखेनला आहे हे मला तुझ्या पत्रातूनच कळलं. गाडीने दीड तास. मी नकाशा उघडून बसलो आहे.'

म्हणजे मीच सांगितलं. पण बाबा, तुम्हाला सगळं माहीत असतं तरी तुम्ही हेच लिहिलं असतंत, नाही का? मी पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघितला. आइंडहोवनचाच आहे. त्यावरूनही काही सिद्ध होत नाही.

तुम्ही आणखी एक लिहिलंत, त्याला उत्तर द्यायचं मी दोन दिवस टाळते आहे. 'माझी बारा पाकिटं परत आली. प्रत्येकावर तीच जपानी चिठ्ठी आणि तोच लाल शिक्का. सेंदाईच्या दुकानात मीच बनवून घेतलेला, मोघे नाव कोरलेला. सुमेधाने बारा वेळा तो शाईत बुडवून माझ्या पत्रांवर मारला. एकदाही तिचा हात थरथरला नाही, ठसा इतका स्वच्छ. तिला एकदा विचार की नुपूरच्या विसाव्या वाढदिवसाच्या कार्डाने तिचं काय बिघडवलं होतं.'

मी आईला विचारलेलं नाही. आई सध्या फार थकते. पाळणाघरात दोन बायका आजारी आहेत आणि ती दोघींची कामं करते. घरी आली की पाय वर घेऊन बसते आणि म्हणते, "आज सोळा जणांची नाकं पुसली, माझं कोण पुसणार?" अशा वेळी कसं विचारायचं?

नुपूरवर मी लक्ष ठेवून आहे. तिने झ्वोलेत राहायची जागा स्वतःच ठरवली, मला फक्त पत्ता पाठवला. स्टेशनपासून लांब, घरांच्या वस्तीत. तिथे कोणी प्रवासी उतरत नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "दाइजोबु, ताई, काही होत नाही. तू पोलीस आहेस का?"

आईवरही मला शंका यायला लागली आहे. परवा फोनवर नुपूरने तिला काहीतरी विचारलं आणि मी खोलीत आल्यावर दोघी लोणच्याबद्दल बोलायला लागल्या. आखेनला लोणचं मिळतं. मला माहीत आहे, दुकानाचं नाव मीच तिला शोधून दिलं होतं.

तुम्ही आखेनला जाऊ नका. हे मी विनंती म्हणून लिहिते आहे की धमकी म्हणून, मलाच ठरवता येत नाही.

नेत्रा


रविवार, १ मार्च

बाबा,

तुमच्यावरचा संशय मी मागे घेते. आज संध्याकाळी फोनवर नुपूर स्वतःच बोलली.

आई भाजी आणायला खाली गेली होती. मी शिओरीचं २८ तारखेचं पान उघडून म्हटलं, हे भरल्याशिवाय मी छापणार नाही. चिडेल असं वाटलं होतं. ती जपानीत म्हणाली की मी बाबांना शोधायला चालले आहे. पुढचं मराठीत.

"झ्वोलेच्या एका बॅडमिंटन क्लबच्या यादीत जे. मोघे आहेत. नेदरलँड्समध्ये किती मोघे असणार, ताई?"

"क्लबला विचारलंस?"

"नाही, यादीत त्यांच्या घरचा पत्ता होता. तिथेच मी पत्र टाकलं. डिसेंबरात. आईला विचारून."

"आईला?"

"हो. आई म्हणाली, बघ बाई तुला सापडले तर. मला तर त्यांनी मेल्याजगल्याचं विचारलं नाही." ती हसली, पण चेहरा हसरा नव्हता. "उत्तर आलं नाही. ठीक आहे. द्यायचं नसेल. पण दारात उभी राहिले तर दार तरी उघडतील ना? मला फक्त एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय की आम्ही नको होतो. एक कार्ड नाही गं, ताई. तेरावा, चौदावा, पंधरावा, एका वाढदिवसाला नाही. माणूस इतकं विसरतो?"

मी काय केलं ते जसंच्या तसं लिहिते. मी म्हटलं, "शनिवारी बस दर वीस मिनिटांनी असते. पत्त्याच्या जवळचा थांबा मी बघून ठेवते." आणि बघून ठेवला. १०:१२ची बस, सात थांबे, तिथून चालत चार मिनिटं. २८ तारखेचं पान आता भरलेलं आहे.

फोन संपल्यावर मी त्या क्लबचं पान काढलं. मागच्या वर्षीच्या स्पर्धेचा एक फोटो आहे. खाली नावं आहेत. जे. मोघे डावीकडून तिसरा, दाढीवाला, फार तर तिशीचा. हातात ढाल धरून हसतो आहे.

माझी बहीण एका परक्या माणसाच्या दारात जाऊन उभी राहणार आहे, आणि तुमचा खरा पत्ता माझ्याकडे आहे. तुम्ही विचाराल, मग दिला का नाहीस? त्याचं उत्तर मी आज लिहू शकत नाही. खाली माझा फोन नंबर देते आहे.

नेत्रा


बुधवार, ४ मार्च

बाबा,

रविवारचं पत्र अर्धं होतं. हे उरलेलं अर्धं.

ती पाकिटं आईने परत केली नाहीत. मी केली. बाराच्या बारा. सप्टेंबरात मी लिहिलं होतं, 'आईची इच्छा नाही, या पत्त्यावर पुन्हा पाठवू नका.' आईची इच्छा मी कधी विचारलीच नव्हती. तुम्ही पत्रं पाठवता हेच आईला माहीत नाही. नुपूरलाही नाही.

कसं शक्य आहे, असं म्हणाल. तुम्हीच आठवा. या घरात वॉर्ड ऑफिसचा कागद कोण वाचायचं? गॅसचा, शाळेचा, नुपूरच्या लसीचा? तुम्ही मला पहिलीत घालायच्या आधी घरीच बसवून वाचायला शिकवलंत, सेंदाईत, जेवणाच्या टेबलावर, मराठी आणि जपानी दोन्ही. आईला जपानी बोलता येतं, वाचता येत नाही. बारा वर्षांची असल्यापासून पेटीतलं सगळं माझ्याकडे येतं, मी वाचते, लागेल तिथे मोघ्यांचा शिक्का मारते आणि आईला सांगते की हे झालं. घरात शिक्का एकच. तो आईचा, तो तुमचा, तो माझा. बँकेला चालतो, शाळेला चालतो. ठशावरून हात ओळखता येत नाही. तुम्ही तो बघून आईचं नाव घेतलंत, आणि मी तुम्हाला घेऊ दिलं.

नाकारायचं असेल तर पाकीट न उघडता त्यावर चिठ्ठी चिकटवायची, 'उकेतोरी क्योझेत्सु', स्वीकारण्यास नकार, खाली शिक्का, आणि पोस्टात द्यायचं. कोणी काही विचारत नाही. पोस्टातल्या बाई दर वेळी वाकून थँक यू म्हणायच्या.

पहिलं पत्र परत करता आलं नाही, कारण ते मी उघडलं होतं. उघडलेलं नाकारता येत नाही. म्हणजे तुम्ही मोजता ती बारा नव्हेत, तेरा. ते आईच्या नावाचं होतं. जून २०१८. त्यात तुम्ही लिहिलं होतं की मी नेदरलँड्सहून परत येणार नाही, आपलं जमत नाही हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, आणि 'नुपूर लहान आहे, तिला इकडच्या शाळेत घालता येईल, नेत्राचं बारावीचं वर्ष आहे, ती तुझ्यापाशी राहील.'

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. तुम्ही आम्हाला वाटून घेत होता, आणि मी तुमच्या वाट्याला नव्हते. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की आईला धक्का बसू नये म्हणून, नुपूर जाऊ नये म्हणून. तेही खरं आहे. पण ते दुसऱ्या नंबरचं आहे.

ते पत्र मी फाडलं. रद्दीत टाकावं की जाळायच्या कचऱ्यात, यावर बराच वेळ विचार केला. नाव-पत्ता असलेला कागद रद्दीत टाकू नये म्हणून मंगळवारच्या जाळायच्या कचऱ्यात दिलं. तेवढं मी नीट केलं.

त्यानंतरच्या पाकिटांत काय होतं, मला माहीत नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा सांगा, किंवा सांगू नका.

नेत्रा


शनिवार, १४ मार्च

बाबा,

तुमचा मेसेज आला. फोन कराल असं वाटलं होतं.

'तू आईला वाचवते आहेस. सतरा वर्षांची मुलगी सात-आठ वर्षं हे एकटी करू शकत नाही. सुमेधाला माहीत नव्हतं हे मला पटत नाही.'

मी हे ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. म्युनिकचं खोटं तुम्ही एका क्षणात मान्य केलंत. खरं लिहिलं तर तुम्हाला आईचा हात दिसतो. मी तुमच्यावर रागावणार होते, पण जानेवारीपासून मी तुम्हाला काय काय लिहिलं ते आठवलं. तुम्ही खरं सांगत होता तेव्हा मी पाकिटावरचे शिक्के तपासत बसले होते.

तुमच्या मेसेजमधलं दुसरं वाक्य: 'तुला जमत नसेल तर मी स्वतः आखेनला जातो.' जाऊ नका. तिने ते तुमच्या आधी माझ्याकडून ऐकायला हवं. तुमच्याकडून ऐकलं तर तिला वाटेल, आई यात होती. तुम्हाला स्वतःलाच तसं वाटतं, मग तिला तुम्ही दुसरं काय सांगणार?

एक सोपी वाट आहे, तीही लिहून टाकते, म्हणजे ती तुमच्यापासून लपवली असं होणार नाही. मी नुपूरला नुसता तो फोटो पाठवला तर? 'अगं, हा बघ, दाढीवाला, हा बाबा नव्हे.' ती हिरमुसेल, झ्वोले काढून टाकेल, दोन दिवस ट्युलिप जास्त बघेल. पुन्हा कोणाला शोधायला जाणार नाही. सगळे जिथल्या तिथे राहतील. मंगळवारी मी तो फोटो पाठवायला घेऊन तिला फोन लावला होता. ती परीक्षेचा अभ्यास करत होती. फोन उचलला आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? बाबांसाठी काय नेऊ? रिकाम्या हाताने कसं जायचं? इथली ती मसाल्याची बिस्किटं नेऊ का, की त्यांना आता गोड चालत नसेल?"

मी म्हटलं, बिस्किटं ने.

फोटो पाठवला नाही.

आता आईबद्दल. काल तिला जरा चाचपून बघितलं. म्हटलं, बाबांचं पत्र कधी आलंच असतं, तर तू काय केलं असतंस? ती चपात्या लाटत होती. म्हणाली, "आधी दोन शिव्या दिल्या असत्या. मग वाचलं असतं." थोड्या वेळाने पुन्हा, "नुपूरला पाठवलं नसतं हो मी. पण त्यांना तसं लिहून तरी कळवलं असतं. माणसाला उत्तर द्यावं." आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. लाटणं तसंच हातात. "का गं?"

मी म्हटलं, काही नाही, सहज. ती अजून माझ्याकडे बघते आहे. आज सकाळी डबा देतानाही तसंच बघत होती. ती विचारत नाही, आणि तिचं न विचारणं मला विचारण्यापेक्षा जड जातं आहे.

मी ठरवलं आहे की दोघींना एकाच वेळी सांगायचं. आधी आईला सांगितलं तर ती म्हणेल, पोरीची सहल होऊ दे, मग सांगू. आणि मी आनंदाने ऐकेन. आधी नुपूरला सांगितलं तर तिला आईबद्दल तीच शंका येईल जी तुम्हाला आली. म्हणून आई माझ्या शेजारी बसलेली असेल आणि नुपूर समोर पडद्यावर. तुम्हाला पटावं म्हणून हे करत नाही. पण नुपूर आईचा चेहरा बघेल, त्या क्षणी, आणि तिला कळेल की आईला माहीत नव्हतं. मग ती तुम्हाला सांगेल. तिच्यावर तुम्ही विश्वास ठेवाल.

उद्याचा रविवार का नाही, असं मी स्वतःला चार वेळा विचारलं. उद्या आई पाळणाघरातल्या बायकांबरोबर योकोहामाला जाते आहे, आणि नुपूरचा शेवटचा पेपर मंगळवारी आहे. कारणं खरी आहेत. तरी मी ती तपासून घेतली, कारण माझी कारणं बहुतेक वेळा खरीच असतात. गुरुवारी पाडवा आहे. आई इथल्या मैत्रिणींसाठी श्रीखंड करणार आहे. तेवढं होईल.

नुपूर २६ला निघते. तिला सांगितल्यावर ती सहल रद्द करेल, की माझ्याशी बोलणं बंद करेल, की दोन्ही, मला माहीत नाही. तरी मी शिओरीची दुसरी प्रत तयार केली आहे. तिच्यात ती मास्ट्रिख्टवरून जाते. २८ तारखेच्या पानावर बस नाही, झ्वोले नाही. तुमचा पत्ता आहे आणि स्टेशनपासून तुमच्या दारापर्यंत चालत किती मिनिटं लागतात ते आहे. जायचं की नाही, तो रकाना मी कोरा सोडला आहे. तो तिने भरायचा.

तुम्ही घरी असा, एवढंच. स्टेशनवर येऊन उभे राहू नका. नाही आली, तर तिला फोन करू नका.

हे पत्र मी जलद टपालाने टाकते आहे. शुक्रवारपर्यंत तुम्हाला मिळावं. मी मागे हटले तर तुमच्याकडे माझ्या अक्षरात तारीख असावी, म्हणून लिहून ठेवते: रविवार, २२ मार्च २०२६. इथले संध्याकाळचे पाच, तिचे सकाळचे नऊ.

नेत्रा